शंभर दिवसांची राखण

‘प्रत्यारोपण’ हा शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचे दालन उभे राहते. भूल दिलेला रुग्ण, तोंडाला पट्ट्या बांधलेले शल्यविशारद आणि दाराबाहेर नवकार जपत बसलेले आप्त. रक्ताच्या कर्करोगावरील मूळपेशी-प्रत्यारोपणात यातले काहीच घडत नाही. रुग्ण आपल्या खाटेवर जागा असतो. छातीत किंवा दंडात बसवलेल्या नळीतून लालसर द्रवाची एक पिशवी त्याच्या रक्तात उतरते आणि साधारण तासाभरात रिकामी होते. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील, तर त्या टिकवण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा वास पुढे एकदोन दिवस रुग्णाच्या श्वासाला येतो आणि तो वास नेमका लसणासारखा असतो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लसूण आलेला नाही, त्या घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेले बरे. एरवी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराविषयी नाहक संशय येतो.

पिशवी रिकामी झाली की नातेवाईकांना वाटते, झाले, मोठे काम पार पडले. वस्तुतः मोठे काम त्या क्षणी सुरू होते. पिशवी देण्याच्या दिवसाला डॉक्टर ‘शून्य दिवस’ म्हणतात आणि तेथून पुढचे शंभर दिवस मोजतात. या शंभर दिवसांत रुग्ण जगवावयाचा असतो तो औषधांइतकाच शुश्रूषेने. वेळेवर मिळालेली प्लेटलेट, स्वच्छ शिजवलेले अन्न, तोंडाची निगा, ताप आल्यावर न दवडलेला अर्धा तास आणि सोबतीला असलेले एक खंबीर माणूस, यांवर सारे अवलंबून असते. यातील बराच भाग रुग्णालयाच्या हातात नसतो. तो कुटुंबाच्या आणि समाजाच्या हातात असतो. आपला समाज आजारपणात धावून जाणारा आहे. परंतु या एका आजारात आपल्या धावून जाण्याच्या नेहमीच्या रीतींपैकी काही उपयोगी पडतात आणि काही चक्क घातक ठरतात. कोणती कोणत्या प्रकारची, हे वेळ येण्यापूर्वी माहीत असावे, म्हणून हा लेख.

रिकामे झालेले घर

रक्तातील लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. त्या सर्वांची जननी म्हणजे मूळपेशी. मल्टिपल मायलोमा आणि काही प्रकारचे लिम्फोमा यांत बहुधा रुग्णाच्याच मूळपेशी आधी काढून ठेवतात, मग अतितीव्र केमोथेरपी देतात आणि नंतर त्या परत करतात. तीव्र ल्युकेमियासारख्या आजारात मात्र बहुधा दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या पेशी द्याव्या लागतात. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. नव्या पेशी येण्यापूर्वी जुनी मज्जा केमोथेरपीने, कधी किरणोपचारानेही, जवळजवळ रिकामी केलेली असते. नव्या पेशी हाडांत जाऊन रुजतात व काम सुरू करतात, त्यास दोन ते चार आठवडे लागतात. स्वतःच्याच पेशी असल्यास काहीसे कमी. या मधल्या काळात रुग्णापाशी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास नसतात. त्याला हवेतील बुरशी, आपल्या हातांवरचे जंतू, एवढेच काय, त्याच्याच आतड्यांतील एरवी निरुपद्रवी जंतूही भारी पडू शकतात.

म्हणून ती वेगळी खोली, गाळलेल्या हवेचा दाब आणि दारातच हात धुण्याची सक्ती. रोज सकाळी रक्ताचा अहवाल येतो. व्यापारी घरांतील मंडळी बाजारभाव पाहावा तशी त्या आकड्यांवर डोळे लावून बसतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची संख्या सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिली, की पेशी रुजल्या असे मानतात. त्याआधी आकडा वरखाली होतो, एक दिवस चढून दुसऱ्या दिवशी घसरतो. रोजच्या चढउतारावर आनंद वा शोक करू नये, असे डॉक्टर सांगतात. पण ते साधणे कठीण असते, हेही खरे.

हे उपचार जगात रुजले तेही याच शुश्रूषेच्या बळावर. अमेरिकेतील डॉ. ई. डोनल थॉमस यांनी १९५७ मध्ये आपले पहिले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षे बहुतेक रुग्ण दगावत होते. पुढे ऊतींची जुळणी समजली. प्लेटलेट वेगळ्या काढून देता येऊ लागल्या, प्रभावी प्रतिजैविके आली, बुरशी आणि विषाणूंवर औषधे निघाली. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हा मान मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जातो. १९८३ मध्ये तेथे डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले. लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीतून आयुष्यभर रुग्णसेवा करणारे हे डॉक्टर. पुढे हा विभाग परळहून खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात गेला. आज पुण्यासह महाराष्ट्रातील इतर शहरांतही हे उपचार होतात.

रक्तदान शिबिर आणि प्लेटलेट

महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी गावोगावी आपल्या समाजाची रक्तदान शिबिरे होतात. ती स्तुत्यच आहेत. तरीही प्रत्यारोपणाच्या रुग्णासाठी त्यांच्या जोडीला निराळी व्यवस्था लागते आणि ती आपल्याकडे फारशी दिसत नाही.

कारण प्लेटलेट साठवून ठेवता येत नाहीत. लाल पेशींची पिशवी शीतकपाटात काही आठवडे राहते. प्लेटलेटची पिशवी वीस ते चोवीस अंश तापमानात सतत हलती ठेवूनही पाच दिवसच टिकते. रुग्णाची संख्या सामान्यतः दहा हजारांखाली गेली की रक्तस्राव टाळण्यासाठी प्लेटलेट द्याव्या लागतात. त्या आज लागतील की परवा, हे आधी नेमके सांगता येत नाही. यासाठी एकाच दात्याकडून यंत्राद्वारे घेतलेल्या प्लेटलेट सर्वांत सोयीच्या. दात्याच्या हातातून रक्त यंत्रात जाते, प्लेटलेट बाजूला काढून उरलेले रक्त परत शरीरात येते. सुमारे दीड तास लागतो. अशा एका पिशवीत साध्या रक्तदानातून मिळणाऱ्या जवळजवळ सहा पिशव्यांइतक्या प्लेटलेट असतात. दात्याची झीजही लवकर भरून निघते. आपल्याकडील नियमाप्रमाणे ४८ तासांनंतर तोच दाता पुन्हा देऊ शकतो. आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षातून चोवीस वेळा.

येथे एक अडचण आहे, जी आपल्या शिबिरांच्या आयोजकांनी ध्यानात घ्यावी. ज्याने साधे रक्तदान केले, त्याला पुढचे २८ दिवस प्लेटलेट देता येत नाहीत. गावातील सारे धडधाकट तरुण एकाच दिवशी शिबिरात रक्त देऊन मोकळे झाले आणि चार दिवसांनी समाजातील एखादा रुग्ण प्रत्यारोपणासाठी दाखल झाला, तर हाताशी दाता उरत नाही. दुसरी अडचण पर्युषणाची. उपाशीपोटी दान घेत नाहीत. त्या दिवसांत यादीतील निम्मी मंडळी उपवासात असतात. म्हणून प्रत्येक गावाच्या संघाने किंवा युवक मंडळाने प्लेटलेटदात्यांची एक स्वतंत्र यादी ठेवावी. तीत वीसपंचवीस नावे पुरतात, पण ती नावे शिबिरात न गुंतवता राखून ठेवलेली असावीत. त्यांत शेजारचे, इतर समाजांचे मित्रही असावेत. दुकानातील नोकरमाणसे तर बहुधा सर्वांत आधी पुढे येतात. दात्याने मागील तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेले नसावे आणि हाताची शीर ठळक असावी. चाचण्यांना काही तास लागतात, त्यामुळे रुग्णालयाचा निरोप आल्यावर ‘उद्या पाहू’ म्हणून भागत नाही.

आणखी एक गोष्ट तर बहुतेकांना धक्का देते. ल्युकेमियाचे निदान होताच भाऊ, बहीण, आई, वडील सर्वप्रथम आपलेच रक्त द्यायला उभे राहतात. भावना समजण्यासारखी आहे. परंतु ज्यांच्यापैकी कोणी पुढे मूळपेशींचा दाता होण्याची शक्यता आहे, त्यांचे रक्त प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाला देणे टाळतात. ते रक्त आधी शरीरात गेले तर रुग्णाचे शरीर त्या आप्ताच्या पेशींविरुद्ध सावध होते आणि मग त्याच आप्ताच्या मूळपेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. रक्त मित्रांनी, व्याह्यांनी, पेढीच्या भागीदारांनी द्यावे आणि सख्ख्यांनी थांबावे, असा हा उलटा न्याय आहे. शिवाय या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या लाल पेशी आणि प्लेटलेट यांच्या पिशवीवर आधी किरणांचा मारा करून तिच्यातील काही पांढऱ्या पेशी निष्प्रभ कराव्या लागतात. छोट्या गावात तातडीने रक्त चढवण्याची वेळ आली, तर तेथील डॉक्टरांना ही बाब आवर्जून सांगावी.

दात्याविषयीही दोन शब्द. सख्ख्या भावंडाशी ऊतींची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. घरात चारसहा भावंडे असत तेव्हा हे गणित बरे होते. आता एकदोन अपत्यांच्या घरांत ते तोकडे पडते. जुळणारे भावंड नसेल तर आईवडील किंवा मुले यांच्याकडून अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपण आता होऊ लागले आहे. दुसरा मार्ग म्हणजे नोंदणीकृत परका दाता. भारतात ‘दात्री’सारखी संस्था २००९ पासून अशी नोंदणी करते, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, एवढेच. ऊतींचे गुण वंशपरंपरेने येतात, त्यामुळे जे समाज पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरीक करत आले, त्यांतील रुग्णाला जुळणारा दाता त्याच समाजात सापडण्याचा संभव अधिक. आपल्या समाजातून जितकी नावे नोंदली जातील, तितका आपल्याच रुग्णांचा मार्ग मोकळा होईल. ‘पाठीच्या कण्यातून काढतात, माणूस अधू होतो’ ही भीती निराधार आहे. आज बहुतेक दात्यांना चारपाच दिवस इंजेक्शने देऊन हातातील रक्तातूनच पेशी घेतात. अंग दुखते, डोके जड होते, ते काही दिवसांत जाते. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा भरून काढते.

तोंड, बर्फ आणि स्वयंपाकघर

या काळातील सर्वांत मोठी वेदना बहुधा तोंडाची असते. तीव्र औषधाने तोंडापासून आतड्यांपर्यंतचे अस्तर सोलवटते. थुंकी गिळणेही नकोसे होते. मायलोमासाठी दिल्या जाणाऱ्या मेल्फलान या औषधाच्या वेळी एक साधा उपाय फार गुणकारी ठरला आहे. औषध सुरू होण्याच्या थोडे आधीपासून ते संपल्यानंतर काही वेळपर्यंत तोंडात सतत बर्फाचे तुकडे धरावयाचे. थंडीने तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात, औषध तेथे कमी पोहोचते आणि व्रण कमी होतात. आता बर्फ आपल्याकडे बावीस अभक्ष्यांत मोडतो. काही ज्येष्ठ रुग्ण, विशेषतः माताभगिनी, ऐन वेळी तोंड मिटून घेतात आणि पुढचे दोन आठवडे त्याची फार मोठी किंमत मोजतात. बर्फ उकळलेल्या पाण्याचाच करवून घ्यावा, हे तर आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य. आणि तो येथे औषध म्हणून येतो, चव म्हणून नव्हे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात ते अशाच प्रसंगांसाठी. आपल्या गुरुमहाराजांना हा प्रश्न दाखल होण्याच्या आधी विचारावा. तापाने ग्लानी आलेल्या रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्यावर वाद घालू नये.

तीच गोष्ट सूर्यास्ताची. दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हे औषध बारा बारा तासांनी काटेकोर घ्यावे लागते. त्याची रक्तातील पातळी सकाळी, त्या दिवसाची मात्रा घेण्यापूर्वी तपासतात. तपासणीच्या दिवशी गोळी घेऊन गेलात, तर अहवाल निरुपयोगी होतो. सकाळची वेळ प्रयोगशाळेच्या सोयीने नऊदहाला बांधली गेली, की संध्याकाळची मात्रा चौविहाराच्या पलीकडे जाते. वेळ बदलून घेणे शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. नसेल तर मात्रा चुकवू नये. अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते, हाही प्रश्न आपल्या घरांत निघतो आणि तो रास्त आहे. सायक्लोस्पोरिन द्रवरूपातही मिळते. मात्र हा बदल डॉक्टरांनीच करावा, कारण एका कंपनीचे औषध दुसऱ्याच्या जागी घेतल्यास रक्तातील पातळी हलू शकते.

अन्नाच्या बाबतीत आपली परंपरा बव्हंशी सोयीची आहे. उकळलेले पाणी, ताजा स्वयंपाक, रात्रीचे शिळे सकाळी न खाणे, या गोष्टी रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ सांगतात तेव्हा आपल्या गृहिणींना नवे काही वाटत नाही. मध आणि मुरलेले लोणचे रुग्णालयाच्या यादीतही बहुधा वर्ज्य असते, ही गंमतच. पण काही ठिकाणी सवय आड येते. केवळ कापडाने गाळलेले पाणी पुरेसे नाही, ते खळखळ उकळलेलेच हवे. शिजलेल्या भाजीवर वरून भुरभुरलेली कोथिंबीर, ओल्या खोबऱ्याची कच्ची चटणी, ताकावर टाकलेली जिरेपूड, मिरपूड, चाटमसाला, दुकानातील सुटे फरसाण, हलवायाकडची मिठाई, न भाजलेला सुकामेवा हे सारे त्या दिवसांत बंद ठेवतात. घरी विरजलेल्या दह्याविषयी प्रत्येक केंद्राचे मत निराळे असते, विचारून घ्यावे. फळ जाड सालीचे, धुऊन, सोलून, लगेच खावे.

अलीकडच्या चाचण्यांतून असे दिसले आहे, की कच्चे सर्व काही बंद करणारा अतिकडक आहार आणि स्वच्छतेचे नियम पाळून घेतलेला साधा आहार यांत संसर्गाच्या दृष्टीने विशेष फरक पडत नाही. हात धुणे, भांडी कोरडी असणे, अन्न गरम असतानाच वाढणे यांचे मोल मोठे. तेव्हा वर्ज्यांची यादी लांबवत नेऊन रुग्णाला उपाशी ठेवू नये. कंदमुळे न खाणाऱ्या रुग्णाने पहिल्याच भेटीत तसे आहारतज्ज्ञांना सांगावे. बटाट्याच्या जागी कच्चे केळे, गाजराच्या जागी लाल भोपळा सहज चालतो. प्रथिनांची काळजी अधिक घ्यावी लागते. घोटलेले मुगाचे वरण, उकळलेले दूध, शिजवलेले पनीर, तोंड आलेले असताना कोमट, मऊ, पातळ खिचडी. दर दोन तासांनी थोडे थोडे.

काढे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे यांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे, कारण प्रत्येक भेटणारा काही ना काही घेऊन येतो. दात्याच्या पेशी मिळालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती डॉक्टर औषध देऊन मुद्दाम दाबून ठेवत असतात. ती ‘वाढवण्याचा’ प्रयत्न म्हणजे एका हाताने लावलेले कुलूप दुसऱ्याने उघडणे. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले आहेत. चकोतरा आणि पपनस ही निरुपद्रवी दिसणारी फळेसुद्धा सायक्लोस्पोरिनची पातळी वाढवू शकतात.

भेटीला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे आजाऱ्याची चौकशी न करणे हे नात्यातील उणे मानले जाते. कोणी दवाखान्यात असेल तर दोन गाड्या भरून माणसे येतात. या रुग्णाच्या बाबतीत न जाणे हीच आपुलकी समजावी. पुष्पगुच्छ नको, कारण फुलांच्या पाण्यात आणि कुंडीच्या मातीत जंतू व बुरशी असते. खोलीत अगरबत्ती, धूप नको. वासक्षेपाची पूड रुग्णाच्या अंगावर पडू नये. मांगलिक घरातल्याच एखाद्याने म्हणून दाखवावे. घरातील बाळाला पोलिओचे तोंडावाटे डोस द्यावयाचे असतील तर आधी रुग्णाच्या डॉक्टरांना विचारावे. त्या लशीतील जिवंत विषाणू बाळाच्या विष्ठेतून बाहेर पडतो. घरातील इतर सर्वांनी मात्र फ्लूची लस जरूर घ्यावी.

मग करावे काय? प्लेटलेट द्यावी. सोबतीच्या माणसाला आठवड्यातून दोन रात्री झोप मिळेल अशी पाळी लावावी. परगावच्या कुटुंबाला रुग्णालयापासून जवळ, स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली स्वच्छ जागा शोधून द्यावी. मुंबईत परळ-दादर भागात नाना पालकर स्मृती समिती, संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा संस्था वर्षानुवर्षे रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देत आल्या आहेत. पण प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णाला सामायिक खोली चालत नाही, वेगळी जागाच लागते. आपल्या समाजात मुंबई-पुण्यात रिकाम्या सदनिका असलेली घरे कमी नाहीत. आणि दुकान सांभाळावे. विवरणपत्रांच्या तारखा, येणे-देणे, सणासुदीची खरेदी हे पाहणारा एक विश्वासू भाऊबंद मिळाला, तर रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाचा फोन दिवसभर वाजत नाही.

सोबतीच्या माणसाविषयी थोडे अधिक. बहुधा ती आई असते किंवा पत्नी. रुग्ण बरा व्हावा म्हणून ती अठ्ठाई धरते, आयंबिलाची ओळी करते, आणि सहाव्या दिवशी रुग्णालयाच्या जिन्यात तिला चक्कर येते. तिच्या श्रद्धेविषयी आदर ठेवूनही म्हणावेसे वाटते, की हे तप तिने पुढे ढकलावे. आजाऱ्याची सेवा, म्हणजेच वैयावृत्त्य, हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक गणले आहे आणि ते ती चोवीस तास करतेच आहे. तिला जेवण हवे, झोप हवी, रडायला कोणी हवे.

मनाच्या दुखण्याला रुग्णालयात आता पॅलिएटिव्ह विभागाची मदत मिळते. हे नाव ऐकून घरचे घाबरतात. ‘म्हणजे आता आशा नाही का?’ असे विचारतात. तसे नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १६० प्रत्यारोपण-रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बरे होण्यासाठी दाखल झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासून या विभागाची जोड दिली होती. दोन आठवड्यांनी त्यांचे हाल इतरांपेक्षा कमी होते, खिन्नता आणि चिंता कमी होती; त्यांच्या सोबतीच्या माणसांची खिन्नताही कमी होती. तेव्हा वेदना, मळमळ, निद्रानाश यांसाठी ही मदत मागून घ्यावी.

विवाह व्हावयाचा असलेल्या किंवा अपत्य नसलेल्या तरुण रुग्णांच्या बाबतीत एक विषय संकोचाने राहून जातो. या उपचारांनी बहुतांशी अपत्यक्षमता जाते. तीव्र औषधे सुरू होण्याआधी शुक्राणू किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची सोय आहे. वडीलधाऱ्यांनी लाज बाजूला ठेवून हे स्वतः विचारावे, मुलाने विचारण्याची वाट पाहू नये. मेडिक्लेमच्या कागदात दात्याचा खर्च आणि घरी आल्यानंतरची औषधे धरली आहेत का, तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.

घरी आल्यावर

घरी येणे म्हणजे बरे होणे नव्हे. दात्याच्या पेशी मिळालेल्या रुग्णाला साधारण शंभर दिवस रुग्णालयापासून जवळच राहण्यास सांगतात, त्याला कारण आहे. अंगात १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सियस ताप भरला, की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवण्याच्या फंदात पडू नये. त्याने आजार झाकला जातो आणि प्रतिजैविकाचा पहिला तास वाया जातो. छातीतील नळी ओली होऊ देऊ नये. तिची पट्टी प्रशिक्षित हातांनीच बदलावी.

दुसरे भय यजमान-विरोधी प्रतिक्रियेचे. नव्या पेशींना रुग्णाचे शरीर परके वाटते आणि त्या त्याच्यावरच उठतात. तळहातांवर, तळपायांवर लाल चट्टे, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे होणे ही लक्षणे. पुढे महिन्यांनी डोळे व तोंड कोरडे पडणे, कातडी ताठरणे. हाच विरोध थोड्या प्रमाणात असेल तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही मारतो, त्यामुळे डॉक्टरांना तो पूर्ण मोडावयाचा नसतो, आवरावयाचा असतो. ऊन लागल्याने तो भडकतो. छत्री, पूर्ण बाह्यांचा सदरा हे नियम त्यासाठी.

आता आपल्या रुग्णांचा खास प्रश्न. तिसऱ्या महिन्यात अंगात थोडी ताकद आली, की व्यापारी माणसाचे पाय दुकानाकडे वळतात. “अण्णा, गादीवर नुसते बसेन, काम करणार नाही,” असे मोठ्या भावाला सांगून तो येऊन बसतो. अडत दुकानातील धान्याची पोती, हळदीची आणि मिरचीची धूळ, वर्षानुवर्षे न हललेल्या गठ्ठ्यांमागची ओल, जुन्या वह्यांच्या कपाटातील बुरसा या सर्वांत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण असतात. तुम्हाआम्हाला ते बाधत नाहीत. त्याच्या फुप्फुसांत ते घर करतात. घराची रंगरंगोटी, भिंत पाडणे, फरशी बदलणे ही कामे त्या वर्षी काढूच नयेत. ‘तो घरी येण्याआधी खोली नवी करून ठेवू’ या प्रेमापोटी अनेक घरे हीच चूक करतात. जीवदयेपोटी गच्चीवर पारव्यांना दाणे घालण्याची रीत असेल, तर ते स्थान रुग्णाच्या खिडकीपासून दूर हलवावे, कारण पारव्यांच्या विष्ठेतही घातक बुरशी असते. दुकानाचा हिशेब त्याने घरी बसून संगणकावर पाहावा. त्याचा जीवही रमतो.

लहानपणी घेतलेल्या लशींचे संरक्षण प्रत्यारोपणाने बहुधा पुसले जाते. सहा महिने ते वर्षभरानंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा, न्यूमोनिया, धनुर्वात, घटसर्प, कावीळ ब, टोचून द्यावयाची पोलिओ लस यांचा क्रम पुन्हा सुरू होतो. गोवरासारख्या जिवंत लशी दोन वर्षांपूर्वी देत नाहीत, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर त्यानंतरही नाही. चाळिशीतला गृहस्थ नातवंडांच्या वयाच्या मुलांच्या रांगेत लस घ्यायला बसलेला दिसतो, तो असा.

एक शेवटची, पण व्यवहाराची गोष्ट. ऊतींची जुळणी आणि रक्तगट या दोन वेगळ्या बाबी आहेत. दात्याचा रक्तगट निराळा असेल तरी प्रत्यारोपण होऊ शकते आणि मग काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. ‘ए’ गटाचा भाऊ ‘ओ’ गटाच्या बहिणीच्या पेशींवर जगू लागला, की तोही ‘ओ’ गटाचा होतो. पाकिटातील जुने रक्तगटाचे कार्ड, वाहन परवान्यावरची नोंद, मुलांनी फोनमध्ये लिहून ठेवलेली माहिती सारे चुकीचे ठरते. रुग्णालयाकडून नवे कार्ड लिहून घ्यावे. त्यावर मूळ रक्तगट, दात्याचा रक्तगट, प्रत्यारोपणाची तारीख आणि ‘किरणोत्सर्जित रक्तच द्यावे’ ही सूचना असावी. ते कार्ड रुग्णाच्या पाकिटात असावे, आणि एक प्रत दुकानाच्या गल्ल्यातही.